व्हिटॅमिन डी: तपासणीला किती, औषधाला किती आणि पैसे कुठे वाचतात

व्हिटॅमिन डीच्या कमतरतेवरचं औषध स्वस्त आहे. आठवड्याला एक याप्रमाणे आठ आठवड्यांचा कोर्स साध्या कॅप्सूलने केला तर दोनशे ते साडेतीनशे रुपयांत आटोपतो. तरीही या एका जीवनसत्त्वापायी वर्षाला चार-पाच हजार रुपये सहज जातात. हे पैसे जातात नको असलेल्या तपासणीत, घाईने केलेल्या फेरतपासणीत, पॅकेजमध्ये आणि त्याच औषधाच्या महागड्या रूपांत. ते तिथे जाऊ नयेत यासाठी हा लेख. पुढचे दर महाराष्ट्रातल्या शहरांतले आणि ढोबळ आहेत. तुमच्या गावात आणि तुमच्या लॅबमध्ये फरक पडेल, म्हणून फोन करून विचाराच.

आधी ठरवा: तपासणी हवी आहे का?

तुम्ही धडधाकट असाल, हाडं-स्नायूंची तक्रार नसेल आणि कोणी सहज सांगितलं म्हणून तपासणी करणार असाल, तर थांबा. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने २०२४ साली निरोगी प्रौढांची सरसकट तपासणी करू नये असा सल्ला दिला आहे. याच संस्थेने २०११ साली रक्तात मिलिलिटरला ३० नॅनोग्रॅम डी हा आकडा पुरेसा म्हणून सांगितला होता. तो आकडाही तिने आता मागे घेतला आहे. तुमच्या रिपोर्टवर मात्र तो बहुधा अजून छापलेला दिसेल.

तपासणीवर पैसे घालायचे ते कोणी? चढण चढताना किंवा जमिनीवरून उठताना मांड्यांत जोर राहत नाही, हाडं दुखतात, साध्या पडण्याने हाड मोडलं आहे किंवा ऑस्टिओपोरोसिसचं निदान झालं आहे, अशांनी. मूत्रपिंड किंवा यकृताचा जुना आजार, आतड्यांत अन्न नीट न शोषलं जाण्याचा विकार, वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झालेले लोक, त्यांनीही. फिट्सवरच्या फेनिटोइन, फेनोबार्बिटोन, कार्बामाझेपिन या गोळ्या, क्षयावरची रिफाम्पिसिन किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड चालू असेल तर डॉक्टरांना हा प्रश्न तुम्हीच विचारा, कारण ही औषधं शरीरातलं डी कमी करतात किंवा त्याच्या कामात आडवी येतात. अंथरुणाला खिळलेले किंवा घराबाहेर न पडणारे वृद्ध, पाय वाकलेलं किंवा उशिरा चालायला लागलेलं मूल, गरोदर स्त्री: इथे डॉक्टर कधी तपासणी सांगतात, कधी तपासणीशिवायच डोस सुरू करतात. दोन्ही रास्त आहे. डॉक्टर तपासणी न करता डोस देत असतील तर त्यांना दोष देऊ नका. ते तुमचे हजारभर रुपये वाचवत आहेत.

नुसता थकवा किंवा केसगळती असेल तर आधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि साखर पाहा. सीबीसी आणि टीएसएच प्रत्येकी दोनशे ते चारशे रुपयांत होतात आणि कारण तिथे सापडण्याची शक्यता जास्त असते. हिमोग्लोबिन ८ असताना डीच्या रिपोर्टवर खर्च करणं म्हणजे उपचार लांबवणं.

तपासणीचं नेमकं नाव

तुम्हाला हवी ती तपासणी म्हणजे २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, टोटल. लॅबच्या यादीत तिच्या शेजारीच १,२५-डायहायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी अशी दुसरी तपासणी असते. ती बरीच महाग असते आणि तिचा उपयोग मुख्यतः मूत्रपिंडाच्या व कॅल्शियमच्या काही निवडक विकारांत होतो. शरीरात साठा किती आहे हे ती सांगत नाही. साठा कमी असतानाही तिचा आकडा नॉर्मल येऊ शकतो. ऑनलाइन बुकिंग करताना चुकून तीच निवडली जाते. पैसे भरण्याआधी नाव मोठ्याने वाचून घ्या.

उपाशीपोटी जायची गरज नाही. दिवसाच्या कोणत्याही वेळी रक्त देता येतं. एकच नळी लागते आणि रिपोर्ट बहुतेक शहरांत २४ ते ४८ तासांत मिळतो. तालुक्याच्या ठिकाणी नमुना मोठ्या शहरात पाठवला जातो, तिथे दोन-तीन दिवस धरा.

एक गोष्ट लॅबवाले बहुधा विचारत नाहीत, ती तुम्ही सांगा. केस आणि नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर काही यंत्रांवर डीचा आकडा खोटा वाढलेला येतो. कमतरता असूनही रिपोर्ट चांगला दिसतो. जास्त ताकदीचं बायोटिन चालू असेल तर किमान दोन-तीन दिवस बंद ठेवून मग रक्त द्या.

तपासणीला किती, आणि बिलात काय शिरतं

मोठ्या लॅब-साखळ्यांच्या दरपत्रकावर ही तपासणी साधारण १,२०० ते २,००० रुपयांना असते. तीच ऑनलाइन सवलतीत किंवा एखाद्या धर्मादाय संस्थेच्या लॅबमध्ये ५०० ते ९०० रुपयांना मिळते. म्हणजे छापील दर हा बऱ्याचदा घासाघीस सुरू करण्याचा आकडा असतो. काउंटरवर सरळ विचारा: ‘सवलतीचा दर काय?’ ज्येष्ठ नागरिकांसाठी वेगळी सवलत आहे का, हेही विचारा. न विचारल्यास ती बरेचदा लावली जात नाही.

घरी येऊन रक्त नेण्याचे १०० ते ३०० रुपये वेगळे पडतात. एका घरातल्या दोघा-तिघांचं रक्त एकाच फेरीत द्यायचं असेल तर हे शुल्क एकदाच लागलं पाहिजे. काही बुकिंग संकेतस्थळं ‘प्लॅटफॉर्म फी’ आणि ‘रिपोर्टवर डॉक्टरांचा सल्ला’ अशा ओळी आधीच टिक करून ठेवतात. त्या काढून टाका. निदानाच्या तपासण्यांवर जीएसटी लागत नाही. तपासणीच्या रकमेवर तो लावलेला दिसला तर बिल परत करून कारण विचारा. संकेतस्थळाच्या स्वतःच्या सेवाशुल्कावर तो असू शकतो, म्हणून कोणत्या ओळीवर लावला आहे ते बघा.

आता पॅकेज. ‘७२ तपासण्या फक्त १,९९९ रुपयांत, व्हिटॅमिन डी आणि बी-१२ मोफत’ अशा धाटणीची जाहिरात तुम्ही पाहिली असेल. त्या ७२ मध्ये एकट्या सीबीसीचे वीसेक आकडे वेगवेगळे मोजलेले असतात, लघवीच्या साध्या तपासणीचे आणखी बरेच. तुम्हाला खरोखर लागणाऱ्या चार-पाच तपासण्या कागदावर लिहा, त्यांचे सुटे दर जोडा आणि मग पॅकेजशी तुलना करा. कधी पॅकेज खरंच स्वस्त पडतं. पण त्यातून गरज नसताना आलेला एखादा किंचित वाढलेला आकडा तुम्हाला पुढच्या तीन तपासण्यांकडे नेतो, हा खर्च जाहिरातीत नसतो.

लॅब एनएबीएल या लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यताप्राप्त असावी. दारावरचं चिन्ह पुरेसं नाही. मान्यता तपासणीनिहाय असते, त्यामुळे या विशिष्ट तपासणीला ती आहे का हे विचारा. रक्त गोळा करणारं केंद्र आणि प्रत्यक्ष तपासणारी लॅब वेगळी असेल तर रिपोर्टवर दुसरीचं नाव असलं पाहिजे.

सरकारी वाट आहे का? राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. मात्र व्हिटॅमिन डीची तपासणी प्रत्येक ठिकाणी होतेच असं नाही, यंत्र किंवा किट नसतं. जाण्याआधी चौकशी करा. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या खात्याखाली येतात. तिथे केसपेपर काढावा लागतो आणि तपासणीचे सरकारी दर लागतात. सकाळची ओपीडी, आधार कार्ड, जुने कागद आणि अर्धा दिवस हाताशी ठेवा. पैसे वाचतात, वेळ जातो. ज्यांना आठवड्याची सुट्टी मिळत नाही त्यांना धर्मादाय लॅब जास्त सोयीची पडते.

रिपोर्ट हातात आला

आकडा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये असतो. बहुतेक लॅब २० च्या खाली ‘कमतरता’, २० ते ३० ‘अपुरं’ आणि ३० ते १०० ‘पुरेसं’ असं छापतात. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०११ साली हाडांच्या आरोग्यासाठी जवळपास सर्वांना २० पुरेसे आहेत असं म्हटलं होतं. त्यामुळे तुमचा आकडा २३ किंवा २६ आला, शेजारी लाल अक्षरात बाण दिसला आणि तब्येत बरी असेल, तर घाबरून मोठा कोर्स सुरू करण्याचं कारण नाही. १० किंवा १२ च्या खाली आकडा असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवाच, आणि कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, क्रिएटिनीन या साध्या तपासण्या सोबत होतात का विचारा. हाडांवर परिणाम झाला आहे का हे या स्वस्त तपासण्याच सांगतात.

परदेशातल्या मुलांकडे राहून आलेल्या आई-वडिलांचे रिपोर्ट अनेकदा वेगळ्या एककात असतात. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात नॅनोमोल प्रति लिटर वापरतात. त्या आकड्याला अडीचने भागा. तिथले ५० म्हणजे आपले २०. हा भागाकार न केल्याने ‘तिकडे पन्नास होतं, इथे येऊन वीस झालं’ असा घोटाळा होतो आणि विनाकारण औषध सुरू होतं.

औषधाचा हिशेब

दुकानात एकच औषध, कोलेकॅल्सिफेरॉल म्हणजे डी-३, पाच-सहा रूपांत मिळतं. ६०,००० आययूची (आययू म्हणजे आंतरराष्ट्रीय एकक) मऊ कॅप्सूल साधारण २५ ते ४५ रुपयांना एक. त्याच ताकदीच्या पावडरचं एक ग्रॅमचं पाकीट जवळपास तेवढ्यालाच. पाच मिलिलिटरची ‘नॅनो’ बाटली ६० ते ९० रुपयांना. शरीरात लवकर शोषलं जातं हे तिच्या बाजूने सांगितलं जातं. तुमचं पचन ठीक असेल, तर साधी कॅप्सूल तूप, दूध किंवा तेलाची फोडणी असलेल्या जेवणानंतर घ्या, दुप्पट पैसे मोजायची गरज नाही. डी हे चरबीत विरघळणारं जीवनसत्त्व आहे. उपाशीपोटी काळ्या चहाबरोबर घेतलं तर कमी शोषलं जातं.

तुलना करताना पट्टीची किंमत बघू नका, हजार आययूला किती पडतात ते काढा. ६०,००० ची कॅप्सूल ३० रुपयांना असेल तर हजार आययूला ५० पैसे पडले. १,००० आययूची रोजची गोळी सहा रुपयांना असेल तर तेच सहा रुपये. औषध एक, फरक बारापट. रोजची गोळी वाईट नाही. काहींना ती लक्षात राहायला सोपी जाते आणि चुकून जास्त घेतली तरी धोका कमी असतो. पण ती महाग आहे हे माहीत असून निवडा.

आता जिथे पैसे आणि तब्येत दोन्ही अडकतात ती गोष्ट. चिठ्ठीवर ‘कॅल्सिट्रिऑल’ असं नाव आहे का ते पाहा. कॅल्शियम, झिंक आणि कॅल्सिट्रिऑल एकत्र असलेल्या कॅप्सूल आपल्याकडे सर्रास लिहून दिल्या जातात. कॅल्सिट्रिऑल हे डीचं तयार, सक्रिय रूप आहे. ते मूत्रपिंडाच्या रुग्णांना लागतं. साध्या कमतरतेत त्याने शरीरातला साठा भरत नाही, रिपोर्टवरचा आकडा वाढत नाही, रक्तातलं कॅल्शियम मात्र वाढू शकतं. किंमतही जास्त. मूत्रपिंडाचा किंवा तत्सम विकार नसेल तर डॉक्टरांना आदराने विचारा: ‘साधं डी-३ चालेल का?’

प्रधानमंत्री जनऔषधी केंद्रात साधं डी-३ बाजारापेक्षा कमी दरात मिळतं. जवळचं केंद्र आणि औषधाची उपलब्धता ‘जनऔषधी सुगम’ या अ‍ॅपवर दिसते. निघण्यापूर्वी फोन करा, साठा संपलेला असणं नवीन नाही. कोलेकॅल्सिफेरॉल राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, त्यामुळे यादीतल्या ताकदीच्या औषधाला सरकारने कमाल किंमत ठरवून दिलेली असते. ती ‘फार्मा सही दाम’ अ‍ॅपवर पाहता येते. पण ही मर्यादा औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाला लागू होते. वेष्टनावर औषध उत्पादनाच्या परवान्याऐवजी एफएसएसएआय या अन्न नियामकाचा क्रमांक असेल तर तो माल कागदोपत्री अन्नपूरक आहे, त्याला ती मर्यादा नाही. रंगीत डब्यातल्या चघळायच्या गोळ्या, तोंडात मारायचे फवारे, गमीज या गटात येतात. कमतरतेच्या उपचारासाठी हे घेऊ नका.

शाकाहारी असाल तर एवढं बघा: मऊ कॅप्सूलचं आवरण बहुधा जिलेटिनचं, म्हणजे प्राणिजन्य असतं. पावडरचं पाकीट किंवा औषधाचा परवाना असलेली चघळायची गोळी घेतली की हा प्रश्न सुटतो. डी-३ स्वतः बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून बनवतात. तेही नको असेल तर दगडफुलासारख्या शैवाकापासून केलेलं डी-३, किंवा मग डी-२ मिळतं, पण ते महाग असतं आणि सगळीकडे नसतं.

इंजेक्शनबद्दल. ‘एक सुई घ्या, वर्षभर बघायला नको’ हा सल्ला सोपा वाटतो. ३ लाख किंवा ६ लाख आययू एकदम शरीरात जातं आणि ते परत काढता येत नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरी ओलांडलेल्या २,२५६ स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात, जो २०१० साली प्रसिद्ध झाला, वर्षातून एकदा तोंडावाटे ५ लाख आययू दिलेल्या गटात पडण्याचं आणि हाड मोडण्याचं प्रमाण कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. तोंडाने औषध घेता येत नसेल किंवा आतड्यांतून शोषलंच जात नसेल तर इंजेक्शनला अर्थ आहे. केवळ सोयीसाठी आजीला ते देऊ नका. इंजेक्शनच्या किमतीवर सुई टोचण्याचे आणि डॉक्टरांच्या फीचे शंभर-दोनशे वेगळे पडतात, तेही धरा.

किती, किती दिवस

कमतरता असलेल्या प्रौढांना डॉक्टर सहसा आठवड्यातून एकदा ६०,००० आययू, असं आठ आठवडे देतात. मग महिन्याला एक किंवा रोज १,००० ते २,००० आययू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाची रोजची गरज ६०० आययू आहे आणि स्वतःच्या मनाने रोज ४,००० च्या वर जाऊ नये. अमेरिकेहून पाहुण्यांनी आणलेल्या डब्यातल्या गोळ्या पुष्कळदा ५,००० आययूच्या असतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या रोज घेऊ नका.

सगळ्यात महाग पडणारी चूक इथे होते. आठवड्याची कॅप्सूल रोज घेतली जाते. चिठ्ठीवरचं अक्षर लागत नाही, औषध आणणारा एक आणि घेणारा दुसरा, दुकानदाराने पाकिटावर फक्त ‘१’ लिहिलेलं. ६०,००० ही रोजच्या गरजेच्या शंभरपट मात्रा आहे. म्हणून दुकानातच पेन मागा आणि पट्टीवर मराठीत लिहून घ्या: ‘फक्त रविवारी’. कॅलेंडरवर आठ रविवारांना खूण करा. घरात वृद्ध असतील तर पूर्ण पट्टी त्यांच्या हातात देऊ नका. दुकानदार चिठ्ठी न मागता ६०,००० ची कॅप्सूल देईल, तरी ती चिठ्ठीशिवाय घेऊ नका.

सोबतच्या गोळ्यांमधलं डी मोजा. कॅल्शियमच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळीत साधारण २५० आययू किंवा जास्त असतंच, मल्टिव्हिटॅमिनमध्ये आणखी. तीन वेगळ्या डॉक्टरांनी तीन वेगळ्या नावांनी तेच औषध लिहिलेलं असणं अगदी शक्य आहे. सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून एकाच डॉक्टरांना दाखवा. मुतखडा, सारकॉइडोसिस, पॅराथायरॉइडचा विकार, चालू असलेला क्षय, रक्तदाबासाठी थायझाइड गटाची गोळी किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन असेल तर हे आधी सांगा. या लोकांत रक्तातलं कॅल्शियम लवकर चढतं किंवा चढल्यास जास्त धोका होतो.

फेरतपासणी कोर्स सुरू केल्यापासून तीन महिन्यांनी. चौथ्या आठवड्यात केलेली तपासणी वाया जाते, कारण आकडा अजून स्थिरावलेला नसतो. आणि ती त्याच लॅबमध्ये करा. पद्धत बदलली की आकडाही बदलतो, आणि औषध लागू पडलं की नाही ते कळत नाही. आकडा सुधारला, त्रास गेला, की दर सहा महिन्यांनी तपासत बसायचं कारण उरत नाही.

एकूण किती झालं? तपासणी ८००, कॅल्शियम-क्रिएटिनीन वगैरे ३०० ते ५००, कोर्स ३२०, फेरतपासणी ८००. साधारण सव्वादोन-अडीच हजार. तपासणीची गरजच नसलेल्या माणसाला डॉक्टरांनी महिन्याला एक कॅप्सूल सांगितली तर वर्षाला ३०० ते ५५० रुपये.

आणि ज्याला कमतरता नाही त्याने ‘असू द्या, फायदाच होईल’ म्हणून घ्यायचं का? अमेरिकेत २५,८७१ लोकांवर व्हायटल नावाचा मोठा अभ्यास झाला. रोज २,००० आययू सुमारे पाच वर्षं दिलं. कर्करोग किंवा हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत, आणि २०२२ साली आलेल्या निष्कर्षांत हाड मोडण्याचं प्रमाणही कमी झालं नाही. त्यातल्या बहुतेकांना मुळात कमतरता नव्हती. कमतरता असलेल्याला औषधाचा गुण येतो. नसलेल्याने ते पैसे दूध-अंड्यांवर खर्च करावेत.

तान्ह्या बाळासाठी वेगळं वाचा

अंगावरच्या दुधात डी फार कमी असतं. म्हणून बाळाला जन्मानंतर लवकरच सुरू करून वर्षाचं होईपर्यंत रोज ४०० आययू थेंब देण्याची शिफारस भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही करते. बाजारात ४०० आययू प्रति मिलि आणि ८०० आययू प्रति मिलि अशा दोन्ही बाटल्या सारख्याच दिसणाऱ्या खोक्यांत मिळतात. पहिलीचा डोस एक मिलि, दुसरीचा अर्धा. दुकानदाराने ब्रँड बदलून दिला की ताकद बदलली का ते पाहा. ३० मिलिची बाटली पहिल्या प्रकारात एक महिना, दुसऱ्यात दोन महिने जाते. ६० ते १२० रुपयांच्या या बाटल्यांची तुलना महिन्याच्या खर्चावर करा. खोक्यात आलेला ड्रॉपर त्याच बाटलीला वापरा, दुसऱ्या औषधाचा चमचा वापरू नका.

मोठ्यांच्या पाच मिलिच्या बाटलीत एका मिलित १२,००० आययू असतं. ती बाळाच्या थेंबांशेजारी कधीही ठेवू नका.

ज्याला पैसे पडत नाहीत

कोवळं ऊन सुखाचं असतं, पण सकाळी सातच्या उन्हात त्वचेत डी तयार होणं जवळपास शून्य. त्यासाठी लागणारे अतिनील-बी किरण सूर्य वर चढल्यावरच जमिनीपर्यंत पोचतात. खूण सोपी आहे: तुमची सावली तुमच्यापेक्षा लहान असली पाहिजे. मे महिन्यात नागपुरात सकाळी नऊच्या सुमारासच सावली तुमच्या उंचीइतकी होते, म्हणून नऊ ते दहा ही वेळ धरा आणि भर दुपारी बाहेर पडू नका, उष्माघाताचा धोका खरा आहे. डिसेंबरात मुंबईत उलट: दुपारी साडेबाराच्या आसपासच सावली जेमतेम लहान होते. तोंड आणि हात उघडे ठेवून, आठवड्यातून काही दिवस, वीसेक मिनिटं. सावळ्या त्वचेला जास्त वेळ लागतो. काच हे किरण अडवते, त्यामुळे बंद खिडकीतलं ऊन धरू नका. पावसाळ्यातले ढग आणि शहरातलं धूरकट आभाळ यांचाही वाटा आहे.

खाण्यात बांगडा, तारली हे तेलकट मासे चांगले. अंड्याच्या बलकात सुमारे ४० आययू. दुधाच्या पिशवीवर ‘प्लस एफ’चं निळं चिन्ह असेल तर त्यात लिटरला २०० ते ३०० आययू मिसळलेलं असतं, म्हणजे एका पेल्यात ४० ते ६०. यासाठी पिशवीला वेगळे पैसे पडत नसतील तर तीच घ्या. पण निव्वळ दुधावर ६०० गाठता येणार नाहीत, आणि कमतरता झाल्यावर ती खाण्याने भरून निघत नाही.

विमा आणि वजावट

आरोग्यविम्यात ही तपासणी आणि ही औषधं सहसा बसत नाहीत. विमा नियामकाच्या ठरावीक वगळणींत जीवनसत्त्वं आहेत. रुग्णालयात दाखल असताना किंवा डे-केअर उपचारात डॉक्टरांनी लिहून दिली असतील तरच दावा करता येतो. पॉलिसीत ओपीडीचं स्वतंत्र कलम किंवा वार्षिक मोफत तपासणी असेल तर त्यात डी आहे का विचारा. तुम्ही आयकराची जुनी पद्धत निवडली असेल तर प्रतिबंधात्मक तपासणीचे वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत वजावटीत दाखवता येतात, आरोग्यविम्याच्या एकूण मर्यादेच्या आत, आणि ही रक्कम रोखीने भरलेली चालते. नोकरीच्या ठिकाणी खर्चाची भरपाई मिळत असेल तर चिठ्ठी, बिल आणि रिपोर्ट तिन्हींवर नाव एकसारखं हवं आणि चिठ्ठीची तारीख तपासणीच्या आधीची हवी. नंतर लिहून आणलेली चिठ्ठी परत येते.

कोर्स चालू असताना मळमळ, उलट्या, भूक जाणं, बद्धकोष्ठता, खूप तहान, वारंवार लघवी, किंवा घरातली वृद्ध व्यक्ती गोंधळल्यासारखी वागू लागणं, यातलं काही दिसलं तर डीच्या आणि कॅल्शियमच्या सगळ्या गोळ्या लगेच बंद करा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आधी रक्तातलं कॅल्शियम आणि क्रिएटिनीन बघायचं असतं, या दोन तपासण्या दोन-चारशे रुपयांत आणि जिल्हा रुग्णालयातही होतात. रिकाम्या पट्ट्या, पाकिटं आणि खुणा केलेलं कॅलेंडर सोबत न्या, म्हणजे किती डोस पोटात गेले ते तिथे मोजता येईल.